लंबकाशेजारी उभं राहणाऱ्यालाही लंबक कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान महोत्सव पार पडला की वर्तमानपत्रांत गर्दीचे फोटो येतात, पाहुण्यांची भाषणं येतात. त्या फोटोंच्या कडेला एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली माणसं उभी दिसतात. मी त्यांतली एक. वय त्रेचाळीस, शिक्षण वाणिज्य शाखेचं. गेली सहा वर्षं कंत्राटदारामार्फत अशी चार-चार दिवसांची कामं करते. प्रदर्शनं, परिषदा, बक्षीस समारंभ, जे मिळेल ते. रांग लावणं, वाट दाखवणं, हरवलेलं मूल आईपर्यंत पोचवणं, हे मला येतं आणि मी ते मनापासून करते. पण नुकत्याच एका विज्ञान महोत्सवात चार दिवस काम केल्यावर जे वाटलं, ते आयोजकांपर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दिवशी सकाळी सातला हजेरी. टी-शर्ट आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र हातात पडलं. सुपरवायझरने यादी वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, तुम्ही लंबक.” मी विचारलं, “तिथं काय करायचं?” म्हणाला, “कुणाला हात लावू द्यायचा नाही.” माझं प्रशिक्षण एवढंच.

छतापासून खाली सोडलेली दहा मीटरची तार, टोकाला जड गोळा, जमिनीवर गोलाकार उभ्या केलेल्या बोटभर उंचीच्या लाकडी खुंट्या आणि भोवती दोरी. गोळा पलीकडे जाऊन परत यायला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो. लोक येत, दोन मिनिटं बघत, “मोठं घड्याळ आहे वाटतं” म्हणत आणि पुढच्या स्टॉलकडे वळत. दुपारी दहाएक वर्षांची एक मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, “काकू, मघाशी तो या खुंटीपर्यंत येत नव्हता. आता कसा येतोय?” मी म्हणाले, “बाळा, दोरीच्या मागे उभी राहा.” ती राहिली आणि थोड्या वेळाने निघून गेली.

ते उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं. इतका नेमका प्रश्न घेऊन एक मूल आलं आणि तिथं उभ्या असलेल्या एकमेव मोठ्या माणसानं त्याला मागे सरकायला सांगितलं! घरी जाऊन मोबाइलवर जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. 1851 साली पॅरिसच्या पाँतेआँ या इमारतीत लेऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 67 मीटरच्या तारेला 28 किलोचा गोळा टांगून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना उघड्या डोळ्यांनी दाखवलं, हे मला त्या रात्री कळलं. ध्रुवावर लंबकाच्या झोक्याची दिशा साधारण 24 तासांत पूर्ण फेरी मारते. विषुववृत्ताकडे यावं तशी ती मंदावते, 30 अंश अक्षांशावर एका फेरीला 48 तास लागतात आणि विषुववृत्तावर ती फिरतच नाही. हे समजायला मला पदार्थविज्ञानाची पदवी लागली नाही, तासभर शांत वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी खुंट्यांकडे नीट बघायला लागले. आमच्या मांडणीत साधारण अर्ध्या तासाने एक खुंटी पडायची, पण पडण्याच्या आधी बरंच काही घडतं. दर झोक्याला गोळा केसभर सरकतो. आधी तो खुंटीच्या शेजारून जातो. मग एका झोक्याला खुंटी किंचित थरथरते. पुढच्या झोक्याला डोलते आणि सावरते. त्यानंतर केव्हातरी टक्क आवाज होतो आणि ती आडवी होते. दिवसभर तिथं उभ्या असणाऱ्या माणसालाच हे आधी कळतं. खुंटी थरथरली की मी हाक मारायचे, “अजून एक मिनिट थांबा, आता पडेल!” निघालेले लोक वळून येत, मुलं गुडघ्यांवर बसत, आणि ती पडली की मी सांगायचे, “गोळ्याला कुणी बाजूला ढकललं नाही. आपल्या पायाखालची जमीन फिरली.” त्यावर जी शांतता पसरायची, ती मी याआधीच्या कुठल्याच कार्यक्रमात अनुभवली नव्हती. त्या मुलीची मी उरलेले तीनही दिवस वाट पाहिली. ती परत आली नाही.

ज्यांनी ती मांडणी उभी केली, ते चांगले गृहस्थ होते. पण ते बहुतेक वेळ सभागृहात, पाहुण्यांसोबत किंवा दुसऱ्या बिघडलेल्या मांडणीपाशी असायचे. रोजचे आठ तास त्या लंबकाशेजारी फक्त मी होते. येणाऱ्या हजारो लोकांसाठी त्या चार दिवसांचं विज्ञान म्हणजे आम्ही टी-शर्टवाले होतो, आणि आम्हालाच कुणी काही सांगितलं नव्हतं.

गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे महाविद्यालयीन स्वयंसेवकांसाठी आदल्या दिवशी माहितीचं सत्र झालं होतं. आम्हाला त्याचं बोलावणं नव्हतं, कारण आम्ही कंत्राटदाराची माणसं. कंत्राटदाराला वाटतं की शिकवणं आयोजकांचं काम, आयोजकांना वाटतं की माणसं तयार करून पाठवणं कंत्राटदाराचं काम. या दोघांच्या मधल्या फटीत आम्ही उभे असतो. ती स्वयंसेवक मुलं दुपारी व्याख्यानाला निघून गेली की त्यांच्या टेबलांवरही आम्हीच असतो.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते केवळ ज्ञानाचं नव्हतं, जिवाचं होतं. द्रवरूप नायट्रोजनचे प्रयोग दाखवायचे होते. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात मला लंबकापासून हलवून रंगमंचामागच्या एका छोट्या खोलीत बसवलं. “लहान मुलं आत येतात, दार लावून घ्या आणि पिंपावर लक्ष ठेवा.” खोलीला खिडकी नव्हती. पिंपाच्या सैल झाकणाखालून पांढरी वाफ निघत होती आणि जमिनीवर पसरत होती. पिंप सरकवायची वेळ आली तर म्हणून कापडी हातमोजे दिले होते. वीसेक मिनिटांनी प्रयोग करणाऱ्या बाई काहीतरी न्यायला आल्या. मला आत बसलेलं बघून त्यांनी दार सताड उघडलं आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं.

नंतर त्यांनी पायरीवर बसवून समजावलं. तो द्रव उणे 196 अंश सेल्सिअसला उकळत असतो. एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत तो हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण कमी करतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दिसतो तो पांढरा ढग म्हणजे हवेतल्याच बाष्पाचं थंडीने झालेलं धुकं. आपला कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर जात राहतो, म्हणून गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस थेट कोसळतो. झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर दाब वाढतो. आणि कापडी हातमोज्यांत द्रव मुरला तर तो कातडीला चिकटून राहतो, त्यापेक्षा सैल, झटकन निघणारे खास हातमोजे हवेत. हे सगळं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली असतील. ती पाच मिनिटं मला खोलीत बसवण्याआधी का मिळाली नाहीत?

त्यांनीच मला फॅरेडे या जुन्या काळच्या शास्त्रज्ञाच्या मदतनिसाची गोष्ट सांगितली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मायकेल फॅरेडेच्या हाताखाली चार्ल्स अँडरसन नावाचे तोफखान्यातले निवृत्त सार्जंट होते, त्यांनी फॅरेडेंना कित्येक वर्षं साथ दिली. एकदा फॅरेडे त्यांना “आता घरी जा” सांगायला विसरले, तर सकाळपर्यंत ते भट्टी पेटती ठेवत बसले होते, असं सांगतात. त्या ही गोष्ट कौतुकाने सांगत होत्या. मला मात्र ती ऐकताना ती बंद खोली आठवत होती. सांगितलेलं काम सोडून उठायचं नाही, हाच आमच्या कामाचा पहिला नियम असतो. म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी मोठी.

माझी एक मैत्रीण फुगवलेल्या तारांगणाच्या दाराशी होती. तो घुमट सतत चालणाऱ्या पंख्याच्या हवेवर उभा असतो. वीज गेली तर तो हळूहळू खाली बसतो, घाबरायचं कारण नसतं, पण आतल्या चाळीस मुलांना अंधारात शांतपणे बाहेर काढावं लागतं. विजेरी कुठे आहे, कापड उचलून वाट कशी करायची, हे तिला माहीत नव्हतं. वीज गेली नाही, एवढंच.

आयोजक म्हणतील, चार दिवसांच्या माणसांना शिकवत कुठे बसायचं? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने 1969 साली एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं. तिथं मांडण्या समजावून सांगायला शाळकरी वयाच्या मुलामुलींना पगार देऊन नेमतात आणि शिकणं हाच त्यांच्या कामाचा भाग असतो. शाळकरी मुलांना ते जमतं, तर आम्हाला का जमणार नाही? आमच्यात कुणी शिंपी आहे, कुणी बंद पडलेल्या कारखान्यातला फिटर आहे. त्या फिटरदादांनी तरफांच्या टेबलावर जे समजावलं, ते ऐकायला स्वयंसेवक मुलंही थांबायची.

आम्हाला आदला अर्धा दिवस द्या, आणि त्याचे पैसेही द्या, कारण तोही कामाचाच वेळ आहे. सभागृहात बसवून भाषण नको. ज्या मांडणीपाशी उभं राहायचं तिथंच, ती बनवणाऱ्याच्या शेजारी तासभर उभं राहू द्या. प्रत्येक टेबलाखाली साध्या मराठीतला एक कागद ठेवा: हे काय आहे, लोक काय विचारतात, यात धोका कुठे आहे, काही झालं तर कुणाला हाक मारायची. आणि “मला ठाऊक नाही, पण त्या टेबलावरच्या सरांना विचारू या” असं म्हणायची मुभा उघडपणे द्या. आत्ता तसं म्हणायला भीती वाटते, म्हणून आम्ही “मागे सरका” म्हणतो. ओळीने आठ तास उभं राहणाऱ्याला मध्ये बसायला खुर्ची मिळाली तर बरंच, पण खुर्चीआधी तो कागद द्या.

गेल्या आठवड्यात पुढच्या महोत्सवासाठी कंत्राटदाराचा फोन आला. मी लगेच हो म्हणाले, मला ते काम पुन्हा करायचं आहे. फक्त विचारलं, “कोणती मांडणी? मी वाचून येते.” ते म्हणाले, “ते सकाळी तिथं गेल्यावर कळेल.” म्हणून हे पत्र.

आपली,
एक तात्पुरती कर्मचारी
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)