तक्रार पत्र: आमच्या गिऱ्हाईकाचा पत्ता तुमच्या कॅशमध्ये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वेबसाइटच्या नेटवर्क पर्यायामुळे झालेला मनस्ताप. तक्रार चौथ्यांदा, लेखी पहिल्यांदा.

काल दुपारी तुमच्या माणसानं ४१ मिनिटांनी फोन ठेवला. माझा चहा गार व्हायच्या आत मेसेज आला: 'तुमची समस्या सोडवली आहे, आम्हाला पाचपैकी किती स्टार द्याल?' समस्या जिथल्या तिथे आहे. स्टार देण्याऐवजी हे पत्र देते.

आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे, मागे दोन माग. वेबसाइट तुमच्या सर्व्हरवर आहे, ती मी बघते. गिऱ्हाईक कोल्हापूर, सांगली, निपाणी, गोवा, पुणे, हुबळी इथलं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, म्हणून ऑक्टोबरातच तुम्हाला विचारलं होतं की पॅनेलमधल्या तीन पर्यायांपैकी आम्ही कोणता घ्यावा: थेट सर्व्हर, सीडीएन (साइटची प्रत गिऱ्हाईकाच्या जवळच्या सर्व्हरवर साठवून तिथून देणारी सेवा), की सीडीएन आणि फायरवॉल (घुसखोरांना बाहेर अडवणारा पहारा). सर्व्हर कुठे आहे तेही विचारलं. उत्तर आलं, 'ग्लोबल.' म्हणजे पृथ्वीवर आहे, एवढं कळलं.

इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्यानं पिंग करून, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर यायचा वेळ मोजून, बघितलं तर एका फेरीला २३० मिलिसेकंद. इतका वेळ लागतोय म्हणजे सर्व्हर भारतात नाही, हे तो पहिल्या वर्षाचा पोरगा सांगतो. कनेक्शनची एक फेरी, टीएलएसची (कुलूप लावायची) एक आणि पान मागवायची एक, म्हणजे साडी दिसायच्या आधीच पाऊण सेकंदाच्या जवळपास गेला. म्हणून मी तिसरा पर्याय घेतला. फोटो मुंबईच्या सर्व्हरवरून यावेत आणि लॉगिनच्या पानावर रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघणारे बाहेरच अडावेत, एवढीच अपेक्षा. फोटो ४-४ एमबीचे होते, ती चूक माझी. सगळे लहान करून परत चढवले. माझी चूक मी निस्तरली, हे मुद्दाम लिहिते.

आता तुमच्या चुका. नेमसर्व्हर (साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणारे डीएनएसचे सर्व्हर) बदलले तेव्हा तुमच्या सिस्टीमनं जुन्या नोंदी आपोआप उचलल्या म्हणे. मेलची नोंद तेवढी उचलली नाही. दोन दिवस दुकानाला एक मेल नाही, आणि आम्ही समजतोय मंदी आली. मग साइटच उघडेना, 'टू मेनी रीडायरेक्ट्स.' तुमचं एसएसएल, म्हणजे ते कुलूप, अर्ध्या रस्त्यापर्यंतच होतं. गिऱ्हाईकापासून तुमच्या मुंबईपर्यंत कुलूपबंद, तिथून मूळ सर्व्हरपर्यंत उघडं. आमचा सर्व्हर म्हणणार एचटीटीपीएसनंच, कुलूपबंद वाटेनंच या, तुमचं सीडीएन साध्या एचटीटीपीनंच जाणार, आणि पान दोघांच्या मधे गरगर फिरत राहणार. तुमचा सल्ला काय, तर सर्व्हरवरचं एचटीटीपीएस बंद करा! म्हणजे ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र दिसत राहील आणि गिऱ्हाईकाचा फोन नंबर पुढचा निम्मा प्रवास उघड्यावर करेल. आम्ही ऐकलं नाही. भाच्यानं रात्री बसून सर्टिफिकेट दोन्हीकडे लावलं.

हे सगळं पोटात घातलं असतं. पण २७ नोव्हेंबरला निपाणीहून फोन आला, "काय ओ वैनी, तुमच्या साइटवर माझ्या नावाच्या जागी कोल्हापूरच्या कुणा बाईंचं नाव दिसायलंय. पत्ता बी आहे, फोन बी आहे." स्क्रीनशॉट बघून माझे हात गार पडले. तुमच्या त्या पर्यायात 'सर्व पानं साठवा' (या साठवणीलाच कॅश म्हणतात) हे आधीच चालू होतं. फोटो साठवा, डिझाइनच्या फायली साठवा, पण खरेदीची पिशवी आणि पत्त्याचं पान कुणी साठवतं का? एकीचं पान साठवलं आणि मागून येईल तिला तेच वाढलं. ते बटण मी दाबलेलं नव्हतं.

आता तो फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात ना, ऐकाच एकदा.

पहिली अकरा मिनिटं गाणं. मग एक गृहस्थ. मी सगळं सांगितलं, कोणतं पान साठवणीतून आलं आणि कोणतं मूळ सर्व्हरवरून, त्या हिट-मिससकट. ते म्हणाले, "मॅडम, आपके गाँव में नेट स्लो होगा." मी म्हटलं, बेळगाव आहे हो, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच गावात आहे. आणि मी स्लोचं बोलतच नाही, दुसऱ्या बाईचा पत्ता दिसतोय त्याचं बोलते. ते म्हणाले, "कॅश क्लिअर कीजिए." मी म्हटलं, निपाणीच्या बाईंना दिसतंय, मी माझ्या फोनची कॅश काढून काय करू? कॅश तुमच्या सर्व्हरवर आहे, ती काढा. ते परत म्हणाले, "कॅश क्लिअर कीजिए." सीझनला आमचा गल्ला तर तुम्ही आधीच क्लिअर केलाय.

आणि मग तो प्रश्न आला. "मॅडम, घर में कोई टेक्निकल हैं? भाई या हसबैंड?"

माझे यजमान मागावर बसतात. साडीच्या काठात एक धागा चुकला तर लांबून सांगतील, पण डीएनएस म्हणजे त्यांना डॉक्टरची डिग्री वाटते. तरी मी मागावरून उठवून फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं बघू तरी. तुमच्या माणसानं त्यांना कॅश म्हणजे काय हे सहा मिनिटं समजावलं. अदबीनं. मी जे जे सांगितलं होतं, ते जसंच्या तसं, आता स्वतःचं म्हणून. शेवटी निदान काय? "सर, आप प्रीमियम नेटवर्क ले लीजिए." यजमान एवढंच म्हणाले, "वो बोल रही है वो सुनो की ओ," आणि फोन परत माझ्याकडे. तोवर माझ्या तक्रारीचं तिकीट बंद झालं होतं. शेरा असा: 'पर्याय ग्राहकाने स्वतः निवडला आहे.'

पर्याय मी निवडला. त्याच्या पोटातलं ते बटण मी दाबलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा लिहिते, कारण तुमच्याकडे एकदा सांगितलेलं पोचत नाही.

जाता जाता बिलाचं. आमचा जीएसटी नंबर २९ नं, म्हणजे कर्नाटकाच्या आकड्यानं सुरू होतो, तुम्ही बिलावर २७ घालून महाराष्ट्र लिहिता आणि आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर) तिथलाच कर लावता. आम्हाला क्रेडिट मिळत नाही. १९५६ पासून चाललेला सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो तुमच्या बिलिंगवाल्यांनी ड्रॉपडाउनमध्ये निकालात काढला. इथल्या काही लोकांना याचा आनंदही झाला असता, पण माझे १८ टक्के अडकलेत.

आता हे करा. पिशवी, लॉगिन आणि पत्त्याची पानं साठवणं बंद करा, साठवलेलं पुसा, आणि कोणाकोणाची पानं कोणाकोणाला दिसली ते लेखी कळवा. मूळ सर्व्हरनं तुमच्या सीडीएनशिवाय दुसऱ्या कुणालाच दार उघडू नये अशी व्यवस्था करा. आत्ता सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा थेट पत्ता, ज्याला माहीत आहे तो फायरवॉलला वळसा घालून आत येतो. पुढच्या दाराला वॉचमन आणि परसदार सताड उघडं, याचे पैसे घेता? दोन महिन्यांचे पैसे परत करा, बिल दुरुस्त करा.

सात दिवस वाट बघेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार मी राहते तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली सेवा त्यात बसते. यावं लागेल तुम्हालाच, बेळगावला. शिवाय डेटा फुटला तर ते कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवायचं असतं, हा २०२२ चा आदेश तुमच्या कंपनीलाही आहे. तुम्ही कळवलंत का, हा माझा प्रश्न उत्तरात वेगळा घ्या.

तुमच्याकडे आलो ते स्वस्त म्हणून नाही. चार वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता तुमच्या एका मुलीनं फोनवर बसून आमची साइट उभी करून दिली होती. यजमान कुठे आहेत, असं तिनं विचारलं नव्हतं. ती अजून असेल तर माझं तिकीट तिला द्या.

कोल्हापूरच्या त्या बाईंना मी स्वतः फोन करून माफी मागितली. त्या रागावल्या, मग गप्प झाल्या, मग म्हणाल्या, साडी आवडली आहे, पाठवा. पण पत्ता आता साइटवर नको, तुम्हीच लिहून घ्या. घेतला. दुकानाच्या वहीत, पेननं.

आपली, अजून सात दिवस,
ग्राहक
शहापूर, बेळगाव

सोबत: स्क्रीनशॉट तीन (नाव-पत्ता झाकून, तुम्हाला जमलं नाही ते)