तापलेले इंजिन सुरू होत नाही, दोष मात्र टर्बोवर : सेवा केंद्राच्या निदानाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मोजमाप न घेता पार्ट बदलणे, चुकीचे अंदाजपत्रक देणे आणि हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) अर्धवट बसवणे याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार मी जळगावात वापरतो. इंजिन तापलेले असताना बंद केले की ते पुन्हा सुरू होत नसे. सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचे नाही. दोनेक तासांनी गाडी थंड झाली की पहिल्याच सेल्फला चालू. ही लक्षणे मी जॉब कार्डवर लिहून घेतली होती. तरीही आपल्या अधिकृत सेवा केंद्राने टाकीतला पेट्रोल पंप बदलून त्याचे बिल लावले. दोष तसाच राहिला, तेव्हा टर्बो आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) बदलण्याचे अंदाजपत्रक हातात ठेवले. यांतल्या एकाही पार्टात बिघाड नव्हता.

आधी टर्बोचे बोलतो, कारण अंदाजपत्रकातली सर्वात मोठी रक्कम त्याची आहे. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे फिरते. एवढ्याशा हवेवर टर्बोच्या टर्बाइनला (एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या चाकाला) गती येत नाही आणि बूस्टही (हवेचा वाढीव दाब) तयार होत नाही. त्या क्षणी टर्बो इंजिन बिनटर्बोच्या इंजिनासारखेच सुरू व्हावे लागते. टर्बो बिघडला तर ताकद कमी होईल, निळा धूर येईल, शिट्टीसारखा आवाज येईल. गाडी सुरूच होणार नाही असे सहसा होत नाही. एअर मास सेन्सरच्या पुढचा होज निसटला तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फुटून सायलेन्सरची वाट तुंबली तर इंजिन पकडत नाही, पण मग ते थंड असतानाही पकडणार नाही. ही गाडी रोज सकाळी विनातक्रार सुरू होत होती. एवढ्या एका गोष्टीवरून कॉम्प्रेशन, टायमिंग, एक्झॉस्ट आणि टर्बो हे चारही संशयाबाहेर जायला हवे होते.

दोष गरम असतानाच येतो, तर तपासणीही गरम असतानाच व्हायला हवी. सेवा केंद्राने गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवली, सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा दिला. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. इंजिन बंद केले की कूलंटचे फिरणे आणि समोरून येणारा वारा थांबतो, आणि टर्बोत साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरते. म्हणजे गाडी उभी केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात तिथली वायरिंग आणि सेन्सर चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. अशा दोषासाठी गाडी पूर्ण तापमानाला आणायची, बॉनेट बंद ठेवून वीस मिनिटे उभी करायची आणि स्कॅनर (ईसीएममधले आकडे दाखवणारे यंत्र) लावून सेल्फ मारायचा. तेवढ्यात चार आकडे बघायचे : बॅटरीचा व्होल्टेज, आरपीएम, टाकीकडून येणारे प्रेशर आणि रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब). सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. आपल्या जॉब कार्डवर या चारपैकी एकही आकडा नाही.

पंप का बदलला, याचे उत्तर ‘प्रेशर कमी दाखवत होते’ असे मिळाले. प्रेशर कमी असणारच होते, पण ते कारण नव्हते, परिणाम होता. चावी चालू केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालतो. क्रँक सेन्सरकडून, म्हणजे इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरकडून, फेऱ्यांचा सिग्नल आला नाही, तर ईसीएम सुरक्षेसाठी पंप बंद करते. इंजेक्टर उघडत नाहीत, प्लगला स्पार्क येत नाही. हाय प्रेशर पंपाच्या कंट्रोल व्हॉल्व्हलाही क्रँकची जागा कळल्याशिवाय वेळ साधता येत नाही, त्यामुळे रेल प्रेशर वर चढत नाही. म्हणून आधी आरपीएम बघायचा. तो शून्य असेल, तर प्रेशरच्या आकड्यावरून पंपाला दोष देता येत नाही. स्कॅनरवरून पंपाला थेट हुकूम देऊन गेज लावला असता, आणि प्रेशर ५ बारच्या आसपास टिकले असते, तर पंप चांगला असल्याचे दहा मिनिटांत सिद्ध झाले असते.

ईसीएमचे तर त्याहून वाईट. सेल्फ पुन्हा पुन्हा मारून बॅटरी उतरवली, आणि कमी व्होल्टेजमुळे गाडीतले मॉड्यूल एकमेकांशी बोलेनासे झाल्यावर जे कोड (दोषाचे क्रमांक) साठले, त्यांच्याच आधारे ईसीएम बाद ठरवले. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे आणि तपासणीभर चार्जर लावून ठेवावा, हे कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असते. आधी बॅटरी चार्ज करायची, सगळे कोड लिहून घ्यायचे, ते पुसायचे, आणि दोष आल्यावर परत कोणता उमटतो ते बघायचे. तसे केल्यावर एकच कोड परत आला : पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचे सर्किट.

हे निदान शेवटी जळगावातल्या एका गॅरेजमध्ये झाले. गरम इंजिनावर सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य होता. सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्टचा पुरवठा होता, अर्थिंगही ठीक होते, पण ऑसिलोस्कोपवर सिग्नलची चौकोनी लाट नव्हती. वायरिंग बोटाने जरा वर उचलल्यावर लाट आली. सेन्सरकडे जाणारा हार्नेस (वायरांचा जुडगा) टर्बोच्या डाउनपाइपला (टर्बोतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या पाइपला) टेकला होता. त्याची बाहेरची पट्टी कोळशासारखी काळी पडली होती, आतल्या सिग्नलच्या वायरचे आवरण कडक होऊन तडकले होते आणि तांबे उघडे दिसत होते. तापल्यावर तो भाग खाली बसून धातूला लागायचा आणि सिग्नल अर्थ व्हायचा. थंड झाल्यावर सुटायचा.

हार्नेस तिथे टेकला कसा, हाच या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. डाउनपाइपवरच्या हीट शील्डचा एक बोल्ट जागेवर नव्हता आणि हार्नेस धरून ठेवणारी क्लिप गायब होती. टर्बोची ऑइल फीड लाइन बदलताना हे शील्ड आपल्याच सेवा केंद्रात उघडले गेले होते. त्याचे जॉब कार्ड सोबत जोडले आहे. त्यानंतर तिथे कोणीही हात लावलेला नाही. पूर्ण भारावर पेट्रोल टर्बोच्या तोंडाशी वायूचे तापमान ९०० अंशांच्या वर जाते. अशा जागेजवळ शील्ड सैल सोडणे ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वात गंभीर चूक आहे. या वेळी गाडी फक्त सुरू झाली नाही. तीच वायर पुरवठ्याची असती, किंवा शेजारच्या लाइनमधून ऑइल गळत असते, तर आग लागू शकली असती.

दुरुस्तीला लागले ते एवढेच : नवा क्रँक सेन्सर, सुमारे ३० सेंमी वायर, उष्णतारोधक स्लीव्ह, एक क्लिप आणि एक बोल्ट. त्यानंतर भर दुपारी तापलेली गाडी वीस मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केली. ती लगेच सुरू होते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. टाकीतल्या पंपाची किंमत आणि मजुरी परत मिळावी आणि काढलेला जुना पंप माझ्या ताब्यात द्यावा. टर्बो व ईसीएमचे अंदाजपत्रक चुकीच्या निदानावर दिले होते, हे लेखी कळवावे आणि ती नोंद गाडीच्या सर्व्हिस इतिहासातून काढावी, कारण पुढे गाडी विकताना ‘टर्बो खराब’ हा शेरा मला महागात पडेल. खान्देशात आपले सेवा केंद्र नाही. जमिनीला टेकेल एवढी खाली असलेली ही गाडी दोरीने ओढता येत नाही, फ्लॅटबेडवर टाकून घाटापलीकडे न्यावी लागते. ते भाडे आणि गॅरेजचे बिलही द्यावे. याशिवाय ज्या ज्या गाड्यांची ऑइल फीड लाइन त्या केंद्राने बदलली आहे, त्यांचे मालक बोलावून शील्ड आणि हार्नेस तपासावेत. ही मागणी माझ्या पैशांच्या आधी पूर्ण झाली तरी चालेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा कलम ३४ देते.

जळालेला हार्नेसचा तुकडा, जुना सेन्सर आणि स्कॅनरच्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत. आपला तंत्रज्ञ पाहायला येणार असेल तर त्याने दुपारी यावे आणि स्कॅनर सोबत आणावा.

आपला,
गाडीचा मालक
जळगाव

सोबत : दोन्ही जॉब कार्डे, पंपाचे बिल, अंदाजपत्रक, गॅरेजचे बिल आणि हार्नेसची छायाचित्रे.