भरतीची वेळ फक्त पावसाळ्यातच का छापता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्या अंकात एक चौकट ठरलेली असते. 'आज समुद्राला उधाण, साडेचार मीटर उंचीच्या लाटा.' (तो आकडा लाटांचा नसतो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. तेवढे एकदा दुरुस्त करावे.) पाऊस परतला की चौकटही परतते, ती पुढच्या जूनपर्यंत. जणू दसऱ्यानंतर ठाण्याच्या खाडीला भरती येतच नाही. पाणी घरात शिरणार असेल तेव्हाच ते केव्हा चढणार हे आपण वाचकाला सांगता. पण ज्या दिवसांत त्याच पाण्याकडे आनंदाने बघावे, त्या आश्विन-कार्तिकात ही माहिती कुठेच मिळत नाही. ती बारा महिने छापावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कारण खाडीवर फिरायला जाणाऱ्याचे सगळे गणित त्या एका वेळेवर चालते. वाशीचे सागर विहार घ्या, कोलशेतचा खाडीकिनारा घ्या, घोडबंदरकडची गायमुख चौपाटी घ्या, नाहीतर नेरुळला धारण तलावाभोवतीचा (पावसाचे पाणी थोपवून धरणारा तो तलाव) 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानाचा फेरा घ्या. सकाळी चालायला माणसे तीच येतात, घड्याळाच्या त्याच वेळेला. समोरची खाडी मात्र रोज पाऊण तासाने पुढे सरकलेली असते. एका आठवड्यात कठड्याला लागून पाणी, तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला दूरपर्यंत नुसता काळा गाळ. मग 'खाडी आटली', 'खाडीला वास मारतो', 'इथे बघण्यासारखे काय आहे' असे शेरे ऐकू येतात. आमच्याकडे साताऱ्याहून पाहुणे आले होते, कोजागरीच्या सकाळी. त्यांना उत्साहाने किनाऱ्यावर नेले, तर पाणी पार मधल्या पात्रात गेलेले. 'हीच का तुमची खाडी?' असे त्यांनी विचारले नाही, पण चेहऱ्यावर ते होते. पौर्णिमेला सकाळी सहाला दुसरे काही दिसणारही नव्हते. त्याच जागी दुपारी बाराला नेले तेव्हा तिवरांची खोडे अर्धी बुडाली होती आणि पाहुण्यांचे फोटो काढून संपेनात.

कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्याचा हिशेब तिथीवर चालतो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. मधल्या दिवशी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. थोडा मागेपुढे फरक पडतो, आणि खाडीच्या टोकाला, ठाण्याकडे, पाणी पोचायला आणखी काही वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढणार आणि तितकेच खाली जाणार. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार बेताचा. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरच्या दिवाळे गावापर्यंत ज्यांच्या घरात होडी आहे त्यांना एवढ्यावर भागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या भिंतीवर कालनिर्णय असते, पण तिथी फक्त चतुर्थीपुरती बघितली जाते.

आता या हिशेबाने दसरा काढून बघा. आश्विन शुद्ध दशमी, म्हणजे भरती सकाळी साडेसातच्या सुमारास, आणि सुट्टीचा दिवस. उजाडता उजाडता नवी मुंबईच्या बाजूने किनाऱ्यावर उभे राहावे. सूर्य पाठीमागून येतो, त्यामुळे समोरचा पक्षी उजेडात असतो. (मुलुंड-भांडुपच्या किनाऱ्यावरून हेच दृश्य संध्याकाळी चांगले.) ओहोटीला पक्षी लांबवर पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. पाणी चढू लागते तशी त्यांची जमीन कमी होत जाते आणि ते आपोआप काठाकडे ढकलले जातात. भरतीच्या आधीचा तास-दीड तास म्हणूनच सोन्यासारखा.

'पण फ्लेमिंगो कुठे असतात तेव्हा?' हा प्रश्न येणारच. नसतात, किंवा तुरळक असतात. त्यांचे मोठे थवे नोव्हेंबर-डिसेंबरनंतर येतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. २०१९ च्या जानेवारीतल्या गणनेत त्यांचा आकडा लाखाच्या पुढे गेला होता, तेव्हा त्यांचे कौतुक होणे योग्यच. चौकाचौकात गुलाबी पुतळे उभारून आपण ते केलेही आहे. पण या गुलाबी रंगाच्या नादात शरदातली खाडी कुणी बघतच नाही. ऑगस्टअखेरीपासून उत्तरेकडून चिखलपक्षी उतरू लागतात. तुतवार, चिखल्या, बाकदार लांब चोचीचा कोरल. ऑक्टोबर सरता सरता थापट्या आणि तलवार बदके दिसू लागतात. तिवरांच्या शेंड्यांवरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख स्थिर ठेवून फिरतो आणि खालचा अख्खा थवा एकदम उठतो. चित्रबलाक, राखी बगळा, शराटी, शेकाट्या हे तर असतातच. शिवाय पावसाने धुतलेली हवा असते, पलीकडच्या तीरावरची झाडी स्वच्छ दिसते. उकाडा होतो, ऑक्टोबरचा चटका कोणाला चुकला आहे? पण नऊपर्यंत घरी परतलात तर तो चटका फारसा लागत नाही.

ओहोटी म्हणजे वाया गेलेली वेळ असेही नाही. तेव्हा मान वर करून नाही, खाली घालून बघायचे. तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारत असतात. अंग ओले आहे तोवर हा मासा पाण्याबाहेर तग धरतो. एक नांगी भलतीच मोठी असलेले नर खेकडे ती नांगी हलवत बिळाच्या तोंडाशी उभे असतात, आणि भरती चढू लागली की आत जाऊन वरून चिखलाचे बूच लावतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ओहोटीच निवडावी, त्यांना पक्ष्यांपेक्षा हे जास्त आवडते. फक्त चिखलात उतरू देऊ नये, माणूस मांडीपर्यंत रुततो. नशीब असेल तर झुंजूमुंजू असताना किंवा दिवेलागणीला कांदळवनाच्या कडेला कोल्हाही दिसतो. होय, नवी मुंबईत कोल्हे आहेत, आणि खेकडे हे त्यांचे एक खाणे आहे. आमच्या सोसायटीत हे सांगितले की लोक अजून हसतात.

बोटीचे तर विचारूच नका. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीला वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथल्या जेट्टीवरून बोटीची फेरी मिळते. तिथे वेळ भरतीवरूनच ठरते, कारण पाणी नसेल तर बोट गाळात बसेल. त्यामुळे आज सकाळी आठची फेरी असेल तर पुढच्या रविवारी दुपारची असू शकते. लोकांना हा लहरीपणा वाटतो. 'गेल्या आठवड्यात मेव्हण्याला सकाळी मिळाली, आम्हाला दुपारी का?' असा वाद घालणारे मी ऐकले आहेत. भरतीची वेळ रोज पेपरात डोळ्यांखालून गेली असती तर हा वाद झालाच नसता. बोटीवाल्यांनाही एक विनंती. थव्याजवळ आल्यावर इंजिन बंद करून पाण्याबरोबर वाहू द्यावे. फोटोसाठी थवा उडवून दाखवणे ही सेवा नव्हे. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला दोन-चार तास चरायला मिळतात, त्यातले उडवाउडवीत किती घालवायचे?

भरतीचे वेळापत्रक ही केवळ हौशी लोकांची गरज आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. नवी मुंबई वसवताना सखल भागासाठी धारण तलाव खोदले गेले. भरतीच्या वेळी खाडीकडचे दार बंद, पावसाचे पाणी तलावात थांबणार, ओहोटी लागली की ते बाहेर. शहराचा निचराच मुळात चंद्रावर बेतलेला आहे. आणि पूर्ण भरतीला जेव्हा खाडीतला सगळा चिखल बुडतो तेव्हा पक्षी जातात कुठे? नेरुळचा डीपीएस शाळेजवळचा तलाव, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा, अशा मोजक्या ठिकाणी. भरती ओसरेपर्यंत तेवढीच त्यांची टेकायची जागा. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीपीएस तलावाला खाडीचे पाणी पुरेसे मिळेनासे झाले आणि काही फ्लेमिंगो दगावले, तेव्हा अनेकांनी प्रामाणिकपणे विचारले की एवढी मोठी खाडी असताना त्यांना हे डबके कशाला हवे. रोज दोनदा खाडीतली जमीन नाहीशी होते, हे ज्याच्या डोळ्यांसमोर नाही तो असेच विचारणार. भूखंड म्हणून त्या जागेकडे बघणाऱ्यांना तर हे अज्ञान सोयीचेच आहे.

तेव्हा विनंती साधी आहे. पंचांग, सूर्योदय, सूर्यास्त आपण रोज देताच. त्याच चौकटीत दोन ओळी वाढवाव्यात : पूर्ण भरती किती वाजता, किती मीटर, पूर्ण ओहोटी किती वाजता, किती मीटर. भरतीचे अधिकृत तक्ते वर्षभराचे आधीच तयार असतात, पावसाळ्यात आपण त्यातलेच आकडे घेता. ते मुंबईचे असतात, म्हणून 'ठाण्याकडे थोडे उशिरा' अशी टीप शनिवार-रविवारी टाकावी. खाडीकाठच्या उद्यानांच्या प्रवेशद्वारावर 'फुले तोडू नयेत'च्या पाटीशेजारी हीच दोन ओळींची पाटी रोज बदलून लावता येईल. खडू-फळा पुरे, त्यासाठी एलईडीचे टेंडर नको.

जागेची अडचण असल्यास राशिभविष्य एक ओळ कमी केले तरी चालेल. माझी तूळ रास आहे, माझी तक्रार असणार नाही.

आपला,
ऐरोलीचा एक जुना वाचक