बालाजी, ओमला लातूरला आणू नकोस

लातूर,
रविवार

प्रिय बालाजी,

राम राम. पेरण्या उरकल्या हे वाचून बरं वाटलं. ओमला चौथीपासून लातूरच्या शाळेत घालायचं, नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास लावून तिथल्याच वसतिगृहात ठेवायचं आणि त्यासाठी गावच्या शेतकी सोसायटीतून कर्ज उचलायचं, असं तू ठरवूनच टाकलंस. आता क्लास कोणता चांगला एवढंच विचारतोस. क्लासचं राहू दे, आधी नियम बघ.

नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण कुणाला म्हणतात? तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण शिकलेल्याला. त्यात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी लेकरू शहरी धरतात. म्हणजे कर्ज काढून तू ओमची हक्काची जागाच घालवणार!

यावर इथे पळवाटही आहे. नाव गावच्या शाळेत ठेवायचं आणि लेकरू लातुरात. हजेरीपटावर पोरगं हजर, बाक मात्र रिकामा. मी मास्तर आहे, मला असली हजेरी लावायला कुणी सांगू नये. तूही तुझ्या गुरुजींना त्या पेचात पाडू नकोस.

खरं सांगू, नवोदयची परीक्षा मला आवडते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० बुद्धिमत्तेला: वेगळी आकृती शोधा, आरशातली प्रतिमा ओळखा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. उरलेले गणित आणि भाषेला, २५-२५. चुकलं तर गुण कापत नाहीत आणि पेपर मराठीतून देता येतो. खेड्यातल्या लेकराला अडेल असं यात काय आहे? कागदाच्या घड्या तर ओम दिवसभर घालत असतो. त्याला रोज थोडं सोडवायला दे, अधूनमधून घड्याळ लावून बसव. उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल रंगवायची सवय मात्र आत्तापासून लाव. उत्तर येऊनही भलताच गोल रंगवणारी लेकरं मी पाहिली आहेत.

दहावी-बारावीचा लातूर पॅटर्न आता चौथीच्या लेकरांवर आलाय. पहाटे उठवून सराव संच, आणि आईशी फोनवर बोलायचं ते फक्त रविवारी. सहावीत नंबर लागला तर घर सुटणारच आहे, मग दोन वर्षं आधीच कशाला सोडवायचं?

नंबर लागेलच असंही नाही. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा, अर्ज हजारोंनी, आणि सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. लागला तर राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सरकारची. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव. नंतर रडारड नको.

ओम पाचवीत गेला की फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याला फी नाही. मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेलं प्रमाणपत्र लागतं, रहिवासी दाखला आणि आधारही काढून ठेव. जन्मतारीख सगळीकडे एकच आहे ना, ते आजच बघ.

पंचमीला गावाकडे येतोय. येताना दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका आणतो. सोसायटीच्या कागदावर तोवर सही करू नकोस.

तुझा,
सुधाकर