बिनपगारी फुल अधिकाऱ्याच्या घरातून, सेनेटर केन यांना

माननीय सेनेटर टिम केन साहेब,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण 2013 साली इमिग्रेशनच्या विधेयकावर तुम्ही सेनेटमध्ये, अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहात, उभं राहून अख्खं भाषण स्पॅनिशमध्ये केलं होतंत. विशीत होंडुरासला जेझुइट मिशनच्या शाळेत सुतारकाम आणि वेल्डिंग शिकवायला गेला होतात, तेव्हा उचललेली ती भाषा. ज्याचं घर ज्या भाषेत चालतं त्याच्याशी त्या भाषेत बोलावं, हे तुम्हाला पटतं असा मी त्यावरून अर्थ काढला. आमच्याकडे पगार, हप्ते, किराणा आणि भांडणं सगळं मराठीत होतं, म्हणून आभारही मराठीत. इंग्रजी करून तुमच्या ऑफिसला पाठवायचं काम लेकीने अंगावर घेतलंय. ती सोळा वर्षांची आहे. माझे टोमणे तेवढे गाळेल अशी भीती आहे.

आभार कशाचे, तर 10 जानेवारी 2019 च्या गुरुवारचे.

मंजूर पैशाअभावी सरकार बंद पडून, म्हणजे शटडाउन होऊन, वीस दिवस झाले होते. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला ट्रम्प यांना 5.7 अब्ज डॉलर हवे होते, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ते देत नव्हती, आणि त्या ओढाताणीत सुमारे 8 लाख फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्मचाऱ्यांचे पगार अडकले होते. त्यांतला एक आमच्या सोफ्यावर बसलेला होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पगाराची तारीख होती आणि स्लिपवर शून्य येणार हे कळून चुकलं होतं. संक्रांत तोंडावर आलेली. मी तिळगुळासाठी तीळ भाजत होते आणि समोर सी-स्पॅन लावून ठेवलं होतं. (ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: आपल्या संसद टीव्हीचाच प्रकार, फक्त बाकं जास्त रिकामी.)

शनिवार-रविवारसाठी सेनेट उठायच्या बेतात होती आणि तुम्ही ती उठू द्यायला तयार नव्हता. मागणी एकच होती. बंद संपला की सगळ्यांना थकलेला पगार मिळेल, घरी बसवलेल्यांना मिळेल आणि फुकट राबवलेल्यांनाही मिळेल, हे आधी कायद्यात लिहा आणि मग खुशाल घरी जा. शेवटी सेनेटमधल्या बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्षांशी बोलणं झालं आहे, ते सही करतील. मेरीलंडच्या बेन कार्डिन यांच्या नावावरचं ते विधेयक मग कोणी विरोध न करता मंजूर झालं. तेवढ्यात माझे तीळ करपले. नवरा धावत आला, तो करपल्याच्या वासाने. विधेयकाचं मी त्याला नंतर सांगितलं.

बाहेरच्याला यात फार काही वाटणार नाही. याआधीही बंद संपल्यावर काँग्रेस दर वेळी वेगळा कायदा करून थकलेला पगार देत आलीच होती. 'मिळतो हो शेवटी', असं जो तो सांगत होता. पण 'मिळतो' आणि 'मिळेल' यांच्या मधल्या फटीत घराचा हप्ता बसलेला असतो. जानेवारीच्या सुरुवातीला मी बँकेला फोन केला, तर तिकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, मागचा पगार मिळेल याचं काही लेखी आहे का? नव्हतं. काय सांगणार? 'मिळतो हो शेवटी'?

दुसऱ्याच दिवशी हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, तेच विधेयक 411 विरुद्ध 7 मतांनी मंजूर केलं, 16 तारखेला ट्रम्प यांची सही झाली आणि लेखी आलं. कायदा क्रमांक 116-1. एकशे सोळाव्या काँग्रेसचा पहिलाच कायदा. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: निधीचा खंड संपला की पगाराची ठरलेली तारीख कधी आहे हे न पाहता, लवकरात लवकर पैसे द्यायचे. मी तो छापून काढला, एक प्रत बँकेला पाठवली आणि दुसरी फ्रिजवर सिद्धिविनायकाच्या चुंबकाखाली लावली. बंद 25 जानेवारीपर्यंत चालला, 35 दिवस. पैसे आले तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर आणखी अर्धा किलो तीळ आणले.

साताऱ्याला सासऱ्यांना हे सगळं समजावून सांगणं हा वेगळाच उद्योग होता. ते कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. नवऱ्याने फोनवर सांगितलं, बाबा, मी फर्लोवर आहे. पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, "अरे, फर्लो कैद्यांना मिळते ना? काय केलंस?" इकडे फर्लो म्हणजे सरकारने बिनपगारी घरी बसवणं, हे त्यांच्या गळी उतरवायला बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, बजेट अडलं तर लेखानुदान मंजूर करून घ्यायचं, त्यात काय एवढं? तसं इथेही करतात म्हणे, पण त्यालाही मतं लागतात आणि तीही अडतात. 1884 पासून कायदा आहे की काँग्रेसने मंजूर न केलेला पैसा खात्यांनी खर्चायचा नाही. तरी पूर्वी वेळ आली की खाती थोडा हात आखडून काम चालू ठेवत. 1980 साली तेव्हाच्या अॅटर्नी जनरलनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून कुलूप लागायला लागलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही सत्त्याहत्तरच्या संपात 54 दिवस बिनपगारी काढले. पण आम्ही स्वतः बाहेर पडलो होतो. तुम्हाला तर मालकानेच बाहेर काढलंय, आणि वर भांडण तुमचं नाहीच." शटडाउनचं याहून चांगलं वर्णन मी टीव्हीवरच्या कोणा तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

आता 2025 च्या ऑक्टोबरचं, सरकार पुन्हा बंद पडलं तेव्हाचं.

मधल्या काळात नवऱ्याचं काम बदललं होतं. या वेळी तो 'अत्यावश्यक' निघाला. म्हणजे रोज पहाटे साडेपाचला उठायचं, गाडीत पेट्रोल स्वतःच्या खिशातून टाकायचं, काम करायचं आणि पैसे मागायचे नाहीत. मराठीत याला फार जुना आणि चपखल शब्द आहे, 'बिनपगारी फुल अधिकारी'. लेकीने तो कागदावर रंगवून त्याच्या डब्यावर चिकटवला. 10 ऑक्टोबरला सप्टेंबरच्या उरलेल्या दिवसांचे अर्धेमुर्धे पैसे आले. 24 तारखेला शून्य. त्याच आठवड्यात दिवाळी होऊन गेली होती. मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं आम्ही काढली नाहीत, आणि विचारणाऱ्यांना मी 'यंदा जरा दगदग नको' असं सांगितलं. आमच्या भागात दर तिसऱ्या घरात फेडरल नोकरी आहे की काय असं वाटतं, तरी हे खोटं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

या वेळी पैशापेक्षा जास्त झोप उडवली ती एका बातमीने. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं की व्हाइट हाउसच्या बजेट कार्यालयात एक मसुदा फिरतोय आणि त्यात म्हटलंय की 2019 च्या कायद्याने घरी बसवलेल्यांना मागचा पगार आपोआप मिळत नाही, काँग्रेसने वेगळी तरतूद करावी लागेल. नवरा घरी बसवलेला नव्हता, तरी माझ्या पोटात गोळा आला. फ्रिजवरचा कागद काढून मी तो पुन्हा वाचला. 'मिळेल' असंच लिहिलेलं होतं. खाली सही त्याच ट्रम्प यांची. 2019 साली तुम्ही सभागृह अडवून ते वाक्य लिहून घेतलं नसतं, तर या वेळी आमच्याकडे बोट ठेवायला कागदच नव्हता. पत्र लिहायचं त्या रात्री ठरलं, मुहूर्त आत्ता लागला.

तुमच्या ऑफिसने आमचं वैयक्तिक काम काही केलेलं नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल. मी फोनही केला नव्हता. आभार एका वाक्याचे आहेत.

आणि नोव्हेंबरच्या मताचे. तिथे माझं मन अजून सरळ झालेलं नाही.

9 नोव्हेंबरच्या रविवारी रात्री तुमच्या, म्हणजे डेमोक्रॅट, बाजूच्या आठ जणांनी बंद संपवायच्या बाजूने मत दिलं, त्यांत तुम्ही होता. व्हर्जिनियाचे दुसरे सेनेटर, मार्क वॉर्नर, विरोधात गेले. तुमच्याच पक्षातले लोक तुमच्यावर तुटून पडले. तुमचं म्हणणं होतं की फेडरल कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळाल्याशिवाय मी मत देणार नव्हतो, आणि ते मिळालं. ऑक्टोबरात चार हजारांहून जास्त लोकांना कामावरून काढल्याच्या नोटिसा गेल्या होत्या. त्या मागे घ्यायच्या, 30 जानेवारी 2026 पर्यंत नव्या द्यायच्या नाहीत, मागचा पगार द्यायचा, हे त्या करारात तुम्ही घालून घेतलंत. 12 तारखेला रात्री सही झाली. 43 दिवस. तोवरचा सगळ्यात लांब बंद.

त्या शनिवारी, मताच्या आदल्या दिवशी, मी एका फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, पिशव्या भरायला गेले होते. 1 तारखेपासून फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्याची सरकारी मदत, अडकले होते. देशात तेव्हा 4 कोटी 20 लाख माणसं त्यावर किराणा भरत होती, आपल्या व्हर्जिनियात साडेआठ लाखांच्या वर. रांगेत एक गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी शर्टाच्या खिशात सरकवलेलं, नुसती निळी पट्टी दिसत होती. त्यांची पाळी आली तेव्हा ओळखपत्र काढून दाखवायला लागले. मी म्हटलं, इथे काही दाखवावं लागत नाही. तरी त्यांनी दाखवलं. बटाटे, तांदूळ, दोन डबे घेवडा. पिशवी घेतल्यावर त्यांनी मला विचारलं, उद्या रविवारी मदतीला माणसं हवी आहेत का, मी येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी ते आले आणि दुपारभर खोकी उचलत राहिले. त्याच रात्री तुमचं मत पडलं. त्यामुळे टीव्हीवर कोणी तुम्हाला 'कच खाल्ली' म्हणायला लागलं की मला ती निळी पट्टी आठवते.

पण माझी नणंद रिचमंडला शिवणकामाचा व्यवसाय करते. तिचा आरोग्य विमा ओबामाकेअरच्या, म्हणजे सरकारने चालवलेल्या विम्याच्या, बाजारातून घेतलेला. हप्त्यावरच्या ज्या वाढीव सवलतीसाठी हे सगळं भांडण चाललं होतं, ती 2025 च्या डिसेंबरअखेर संपली. तुम्हाला डिसेंबरात मतदान होईल एवढं वचन मिळालं, मतदान झालंही, आणि 60 मतं न मिळाल्यामुळे विधेयक पडलं. तिने नव्या वर्षाचा हप्ता मला फोनवर वाचून दाखवला आणि पुढे विषय बदलला. आमचा पगार आला त्या आठवड्यात मी तिला फोन केला नाही. तुमचे आभार मानताना हे मनात आहे ते लपवत नाही. तुमच्याही मनात असेल असं धरून चालते.

एक मागणंही आहे. आभाराच्या पत्रात मागू नये म्हणतात, पण आमच्याकडे आहेराच्या पाकिटातही चिठ्ठी घालायची पद्धत आहे. आमच्या समोर राहणारे नाशिकचे जोडपे. तो एका खात्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो, पण नोकरी खात्याची नाही, काँट्रॅक्टर कंपनीची. काम तेच, बिल्डिंग तीच, कँटीन तेच. बंद झाला तसं कंपनीने आधी साठलेली रजा वापरायला लावली आणि रजा संपल्यावर बिनपगारी. 116-1 मध्ये त्याच्यासाठी एक अक्षर नाही. 2019 मध्ये सेनेटर टीना स्मिथ यांनी कमी पगाराच्या काँट्रॅक्टरांसाठी, म्हणजे सफाईवाले, पहारेकरी, कँटीनवाले यांच्यासाठी विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. आपल्या मराठी मंडळींत फेडरल नोकरीवाले थोडे आणि असे काँट्रॅक्टर फार. नोव्हेंबरात आमच्या खात्यात सगळे पैसे एकदम जमा झाले त्या संध्याकाळी वहिनी डबा परत द्यायला आल्या होत्या. दिवाळीत मी चिवडा दिला होता त्यातला. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यांनी त्यात साखर घालून आणली होती. मी त्यांना पगाराचं सांगितलं नाही. त्यांना कळलंच असणार, बातम्यांत होतं.

तर, एका वाक्याबद्दल मनापासून आभार, आणि पुढच्या वेळी सभागृह अडवाल तेव्हा समोरच्या घराचंही एक वाक्य घाला.

त्या कराराची मुदत 30 जानेवारी 2026 ला संपत होती. नवऱ्याने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला होता, मी तो संक्रांतीच्या खाली झाकला जाईल असं पान दुमडून ठेवलं होतं. फ्रिजवरचा कागद पिवळा पडला आहे, काढलेला नाही. तीळ आणून ठेवलेत. या वेळी सी-स्पॅन लावून भाजणार नाही.

आपली,
उत्तर व्हर्जिनियातली एक मतदार