म्हाताऱ्या माणसांना नुसतं ‘आराम करा’ सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साठी उलटली की घरात माणसाच्या हातातलं काम काढून घेतात, पिशवी मी घेतो, जिना चढू नका, पाणी जागेवर आणून देते, आता आराम करा. सगळं प्रेमापोटीच असतं पण त्याने शरीराचं काय होतं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

पिकलेले केस दिसतात, चाळिशीचा चष्मा लागतो, ऐकू कमी येतं तेही कळतं. स्नायू झिजतात ते मात्र कळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर अजून वेगाने, पण त्या जागी चरबी येते त्यामुळे वजनाचा काटा हलत नाही आणि आपण म्हणतो तब्येत आहे तशीच आहे. त्यातही जास्त झिजतात ते झटकन काम करणारे तंतू. पाय अडखळला की दुसरा पाय पटकन पुढे टाकायला हेच लागतात, म्हणून नातू अडखळला तरी सावरतो आणि आजी पडतात. बायकांचं तर अजून अवघड, पाळी गेल्यानंतरच्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, मग पडल्या की खुब्याचं हाड, ऑपरेशन आणि अंथरूण.

आणि अंथरूण फार वाईट. अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस झोपवून ठेवून तपासलं, तेवढ्यात नुसत्या पायांचे जवळपास १ किलो स्नायू गेले (हा अभ्यास २००७ मध्ये छापून आला). माझी मावशी तापातून उठली तेव्हा खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उभं राहता येईना, सगळे म्हणाले वय झालं. वय काय आठवड्यात वाढतं का? फिजिओथेरपिस्टने रोज उठ-बस करून घेतली, आता जिना चढते.

१९९० चा बोस्टनचा अभ्यास तर प्रत्येक घरात सांगायला हवा. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम करून घेतला, शेवटपर्यंत टिकले ९, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळायचा व्यायाम सांगते. आपल्याकडे सगळं मॉर्निंग वॉकवर थांबतं. चालणं चांगलंच आहे, शुगरला, हृदयाला, पण ताकदीसाठी तेवढं पुरत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, हे घरात होतं, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि रात्री चहा-खारीवर किंवा पातळ पेजेवर भागवू नका, डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडं पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर स्नायू बनणार कशाचे?

ज्येष्ठ नागरिक संघांना विनंती की भजन, सहली, वाढदिवस होऊ देत, सोबत आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टला बोलवा. आणि संपादकसाहेब, आरोग्य पुरवणीत हे व्यायाम चित्रांसकट मोठ्या अक्षरात छापा, कापून स्वयंपाकघरात चिकटवता येतील असे.

– एक वाचक, सांगली