कापलेलं बायबल आणि आपलं बायबल

प्रिय पप्पा आणि आई,
सप्रेम जय ख्रिस्त.

पप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडची मंडळी शास्त्र कसं वाचतात, तेव्हा मी ड्युटीवर निघाले होते त्यामुळे नीट बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहिते.

इथे अमेरिकेत, नॅशव्हिलमध्ये फिस्क युनिव्हर्सिटी आहे, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी १८६६ ला सुरू झालेली. त्यांच्याकडे एक जुनं बायबल जपून ठेवलंय, १८०७ ला लंडनमध्ये छापलेलं, खास वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या गुलामांसाठी. आणि पप्पा, ते कापलेलं आहे! जुन्या कराराचा जवळजवळ ९० टक्के भाग नाही, नव्यातला निम्मा नाही. योसेफाची गोष्ट ठेवलीय, पण उत्पत्तीच्या ४५ व्या अध्यायानंतर एकदम निर्गम १९, म्हणजे इस्राएल लोक मिसरात गुलाम होते, त्यांना सोडवायला मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला, समुद्र दुभंगला, यातलं काहीच नाही. स्तोत्रसंहिता नाही, प्रकटीकरण नाही. ख्रिस्तात गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन गायब, आणि दासांनी धन्याचं ऐकावं हे इफिसकरांतलं मात्र शाबूत!

हे कळल्यापासून मला चैन नाही. मोशे वाचला की गुलामाला मळ्याचा मालक फारो दिसणार आणि देव आपल्या बाजूने दिसणार, हे कापणाऱ्यांना बरोबर कळत होतं, म्हणून तर नेमकं तेच काढलं.

पण मोशे थांबला नाही. इकडे अमेरिकेतही कितीतरी राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं गुन्हा होता, तरी त्याची गोष्ट कानोकानी पोचली आणि त्यांनी ती गाण्यांत घातली. फिस्क पैशाअभावी बंद पडायला आलं तेव्हा तिथल्याच मुलामुलींचा गायकसंघ १८७१ मध्ये दौऱ्यावर निघाला, पुढे हीच गाणी गाऊन त्यांनी नाव काढलं, संघाचं नाव ज्युबिली सिंगर्स, लेवीय २५ मधल्या गुलाम मोकळे करायच्या योबेल वर्षावरून. त्या पैशातून बांधलेला ज्युबिली हॉल आजही उभा आहे. मी जाते त्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका मोशेबद्दल बोलतात ना, ते आपण आजोबांबद्दल बोलतो तसं.

आणि मग मला सारख्या आपल्या पंडिता रमाबाई आठवतात. लंडनच्या शिकल्यासवरल्या लोकांनी दुबळ्यांच्या हातात अर्धवट शास्त्र दिलं, आणि केडगावला एक विधवा बाई हिब्रू ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणत बसली, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. १९२२ ला त्या गेल्या, १९२४ ला ते त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापून निघालं. टाकून दिलेल्या बायकांना त्यांनी काहीही न कापता सगळं दिलं, मोशे पण आणि आमोस संदेष्टा पण!

पप्पा राग मानू नका, पण आपल्या घरच्या प्रार्थनेत स्तोत्र २३, ९१ आणि १२१ यांच्या पलीकडे आपण फारसे जातच नाही. दादाच्या मुलांना निर्गम पहिल्यापासून वाचून दाखवा ना, फारोच्या हुकमाला न जुमानता बाळं वाचवणाऱ्या त्या दोन सुइणींपासून, आई सांगेल ते छान, आयुष्यभर तेच काम केलंय तिने. आणि मग आमोस. गरिबाला वहाणांच्या जोडापायी विकणाऱ्यांवर देव किती चिडतो ते त्यांनी लहानपणीच ऐकावं असं मला फार वाटतं.

आईला म्हणावं गुडघ्याची गोळी चुकवू नको. नाताळची रजा मंजूर झालीय, तिकीट काढलं की कळवते.

तुमची लाडकी
बेबी